राहीबाईचे ड्रॅगन

आष्ट्याच्या कुंभारगल्लीत बेंदराच्या सणाला मातीचे बैल सगळेच करायचे, पण राहीबाईचा बैल लोक लांबून ओळखायचे. त्याची मान जराशी वळलेली असायची, मागून कुणी हाक मारल्यासारखी. चाक तिचा नवरा धोंडीबा फिरवायचा. गाडगी, घागरी, रांजण हे त्याचं काम. नुसत्या हातानं जे घडवायचं ते सगळं राहीबाईकडं.

१९७७ सालच्या श्रावणात हंबीरराव पाटलांचा थोरला मुलगा इंद्रजित तिच्या दारात आला. सांगलीला इंजिनिअर झालेला, चार वर्षं अमेरिकेत राहिलेला आणि महिन्याभरापूर्वीच परत आलेला. दारात वाळत ठेवलेल्या घागरींच्या ओळीत त्याचा पाय गेला आणि दोन घागरी फुटल्या.

"ऊन डोळ्यांवर आलं," तो ओशाळून म्हणाला.

राहीबाईनं वर बघितलं. सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं. पोतं झटकून तिनं त्याला बसायला दिलं.

त्यानं पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं. आत काळ्या शाईची चित्रं होती. एका चित्रावर बोट ठेवून तो म्हणाला, "मावशी, असलं एक करून द्याल का?"

राहीबाईनं पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं. "ही तर घोरपड हाय. हिला पंख कुणी लावलं?"

"ड्रॅगन म्हणतात त्याला. तिकडच्या गोष्टींतला राक्षस. सोन्याच्या राशीवर बसतो आणि जवळ येईल त्याला जाळतो."

"सोनं खातो का?"

"नाही. नुसतं राखतो."

"मग बसतोय कशाला? कुणाची तरी वाट बगत आसंल," राहीबाई म्हणाली.

इंद्रजित हसला. मग त्यानं तिला सगळा खेळ समजावून सांगितला. अमेरिकेत कॉलेजातली मुलं हा खेळ खेळायची. कागदावर डोंगर, नद्या, गुहा काढायच्या. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. कुणी शिपाई, कुणी चोर, कुणी मांत्रिक. पुढं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. ते जमलं की फसलं हे फासा सांगणार.

"म्हंजे सोंगंच काढायची, पर बसून," राहीबाई म्हणाली.

"अगदी तसंच. आणि ड्रॅगन पाच जातींचे पाहिजेत. तांबडा आग टाकतो, पांढरा गारठा टाकतो, हिरव्याचा श्वास विषारी, निळा वीज पाडतो आणि काळा गिळून टाकतो. रंगावरनं ओळखायचं, कुठला पुढं आलाय ते."

राहीबाईनं आठ दिवसांत पाच ड्रॅगन केले. भाजून झाल्यावर गेरू, चुना, नीळ आणि काजळी लावली. हिरव्यासाठी नीळ आणि हळद कालवली. ते टोपलीत घालून ती पाटलांच्या सोप्यावर गेली, तेव्हा इंद्रजित एकटाच बसला होता. त्यानं एकेक हातात घेतला, खिडकीकडं धरला, डोळ्यांच्या अगदी जवळ आणला.

"हा हिरवा फार झकास जमलाय, मावशी."

त्याच्या हातात तांबडा होता.

या पोराला तिनं लहानपणापासून बघितलं होतं. तिचा मुलगा जोतिबा आणि इंद्रजित मराठी शाळेत एकाच बाकावर बसायचे. पाटलांच्या घरात 'डोळ्याला जरा त्रास हाय, मिरजेच्या डॉक्टरांचं औषध चालू हाय' एवढंच बोललं जायचं. राहीबाईनं पाचही ड्रॅगन परत टोपलीत भरले.

"का हो?"

"रंग कच्चा हाय, दादा. हाताला लागतोय. दुसरं करून आणते."

ती घरी आली आणि दोन दिवस तिनं मातीला हात लावला नाही. मग तिसऱ्या दिवशी डोळे मिटून कामाला बसली. धोंडीबानं चाक थांबवून तिच्याकडं बघितलं.

"ह्ये काय चाललंय?"

"बगते, हाताला काय कळतंय ते."

आगीच्या ड्रॅगनसाठी तिनं मातीत जाडी रेती आणि भाताचा कोंडा मळला. आव्याच्या भट्टीत कोंडा जळून गेला आणि अंगभर खड्डे पडले. बोट फिरवलं की भाजून पापुद्रे निघालेल्या कातडीची आठवण व्हावी. गारठ्याचा ड्रॅगन तिनं पोकळ केला, नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घासला आणि पाठीवर एक भोक ठेवलं. त्यात पाणी भरलं की माठासारखा तो घामेजायचा आणि हात लावणाऱ्याच्या बोटाला गार लागायचा. विषाच्या ड्रॅगनचं पोट फुगीर केलं आणि आत खडे टाकले. उचलला की खळखळायचा. विजेचा अंगानं बारीक, पाठीच्या मणक्यावर टोकं काढलेला. नीट धरला नाही तर बोचायचा.

गिळणारा मात्र तिला लवकर सापडेना. चार मोडले. पाचव्याला तिनं काहीच लावलं नाही. पंख नाहीत, नखं नाहीत, शेपूट अंगाखाली मुडपलेली. फक्त एक मोठं उघडं तोंड. त्यात बोट घातलं की आत जायचं, आणखी आत जायचं, आणि कशालाही लागायचं नाही.

इंद्रजितनं पाचही एकेक करून चाचपले. या बाईनं रंग का काढून टाकले ते त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे तिलाही दिसत होतं. शेवटच्या ड्रॅगनच्या तोंडात बोट घालून त्यानं विचारलं, "याला दात का नाहीत?"

"दात आसल्यावर कुटं चावलं ते तरी कळतंय," राहीबाई म्हणाली.

त्यानं बोट बाहेर काढलं. तिच्या जोतिबाचं काय झालं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

जोतिबा अठराव्या वर्षी पलटणीत भरती झाला होता. एकाहत्तरच्या लढाईत तो बंगालच्या बाजूला होता. तिथं एका नदीतून पलीकडं जाताना त्याची तुकडी गोळीबारात सापडली. चौघं मेले, त्यांची प्रेतं मिळाली. जोतिबा मिळाला नाही. आधी 'बेपत्ता' म्हणून कागद आला. वर्षभरानं दुसरा कागद आला, त्यात तो मेला असं धरावं असं लिहिलं होतं. भावकीनं दिवस घालायला सांगितलं. राहीबाई म्हणाली, "मी माझ्या लेकराचं मढं बगितलं न्हाई. मी न्हाई घालू देनार." धोंडीबानं तिला एका शब्दानंही विरोध केला नाही. पण तेव्हापासून त्याचं बोलणंच आटलं. दोघं एकाच घरात, एकाच मातीत काम करायची आणि दिवसभरात चार शब्द बोलायची. सहा वर्षं अशी गेली होती.

पाटलांच्या सोप्यावर दर रविवारी खेळ जमू लागला. इंद्रजितचे कॉलेजातले तीन मित्र सांगलीहून एसटीनं यायचे. राहीबाई काही ना काही घेऊन जायची. कधी खोल टिंबं पाडलेले मातीचे फासे, कधी डोंगर, कधी पूल. आणि मग पायरीवर बसून ऐकायची. इंद्रजितचं सांगणं ऐकण्यासारखं होतं. घरी मान खाली घालून जेवणारा हा माणूस गोष्ट सांगताना निराळाच व्हायचा. त्या डोंगरातला वारा कुठल्या बाजूनं येतो, गुहेच्या तोंडाशी कसला वास येतो, पाण्याचा आवाज किती लांबून येतो, असं सगळं सांगायचा. काय दिसतं ते मात्र तो कमीकमी सांगत चालला होता. मित्रांच्या ते ध्यानात आलं नाही. राहीबाईच्या आलं.

गिळणाऱ्या ड्रॅगनची मित्रांनी धास्ती घेतली होती. आगीच्या ड्रॅगनपुढं ते हसतहसत जायचे. इंद्रजितनं तो बिनदाताचा पटावर ठेवला की त्यातला एखादा म्हणायचा, "हा नको रे. याच्याशी लढायचं कसं तेच कळत नाही."

दिवाळीनंतर एकाला पुण्याला नोकरी लागली. संक्रांतीनंतर दुसऱ्याचं लग्न झालं. तिसरा एकटा दोन रविवार आला, मग त्याचंही येणं थांबलं. अठ्ठ्याहत्तरच्या शिमग्याच्या सुमाराला राहीबाई गेली तेव्हा इंद्रजित पट मांडून एकटाच बसला होता. ती पायरीवर टेकली. रस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला की तो मान वर करायचा. दोन गाड्या आल्या आणि गेल्या.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही खेळता का?"

"मला काय येतंय, दादा?"

"काही यावं लागत नाही. एक माणूस व्हायचं फक्त. कोण व्हाल?"

राहीबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. पुन्हा सोडलं. "जोतिबा," ती म्हणाली.

इंद्रजितनं हातातला फासा पटावर ठेवला. मग त्यानं आपल्या सांगायच्या आवाजात विचारलं, "जोतिबा काय करतो?"

"शिपाई हाय. घराकडं निगालाय."

असा त्या दोघांचा खेळ सुरू झाला. रविवारच्या दुपारी, कधी बुधवारी बाजार उरकल्यावर. जोतिबा कुठल्याशा परक्या मुलखातून चालत निघाला होता. राहीबाईला हळूहळू बोलता यायला लागलं. "जोतिबा आदी पानी पितो." "जोतिबा त्या म्हाताऱ्याला इचारतो, आष्ट्याचा रस्ता कुटला." आगीच्या ड्रॅगनच्या डोंगराला तिनं वळसा घातला. गारठ्याच्या ड्रॅगनपुढं जोतिबानं आपलं घोंगडं पांघरून रात्र काढली. फासा पडला की राहीबाई टिंबं मोजून मोठ्यानं सांगायची. इंद्रजित आधी स्वतःचं बोट फिरवून खात्री करायचा, मग तेही सोडून दिलं. तिच्या सांगण्यावर त्याचा भरवसा बसला होता.

लीलाबाई, म्हणजे इंद्रजितची आई, आतून चहा पाठवायची. पोरगं कुणाशी तरी बोलतंय यातच तिला बरं वाटायचं. हंबीररावांना हे आवडत नव्हतं, पण त्या वर्षी त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी इंद्रजितसाठी बघितली होती. बघण्याच्या दिवशी लीलाबाईनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, मुलगी उजव्या हाताला बसणार, चहाचा ट्रे समोरून येणार. त्यानं सगळं बिनचूक निभावलं होतं. पाहुण्यांना काही कळलं नाही. मार्गशीर्षात सुपारी फोडायचं ठरलं.

"डोळं कसं हायत आता?" हंबीरराव दर आठ दिवसांनी विचारायचे.

"बरे आहेत, आबा. थोडा फरक वाटतोय," इंद्रजित म्हणायचा.

सुपारीच्या आधीच्या रविवारी जोतिबा नदीवर पोचला.

राहीबाईला ही नदी येणार हे ठाऊक होतं. आठ-नऊ महिने ती डोंगराडोंगरांनी वळसे घेत तिला टाळत आली होती. इंद्रजितनंही कधी घाई केली नव्हती. त्या दुपारी त्यानं हळू आवाजात सांगितलं, "पुढं पाणी आहे. रुंद आहे. पलीकडचा काठ धुक्यात गेलाय. आणि पाण्यात तो बसलाय, बिनदाताचा. पाणी हलत नाही, म्हणून कळतंय." मग थांबून म्हणाला, "परत फिरायचं असलं तर फिरता येतं, मावशी."

"परत कुटं जानार? घर पल्याडच्या काठाला हाय," राहीबाई म्हणाली. "जोतिबा पान्यात उतरतो."

"एक पडला तर तो गिळणार. बाकी काहीही पडलं तर पार."

तिनं फासा टाकला. तो पटावरून घरंगळत पायरीवर तिच्या पावलाजवळ येऊन थांबला. वर एकच टिंब होतं.

तिनं झटकन तो मुठीत घेतला. "पाच," ती म्हणाली.

इंद्रजितनं बिनदाताचा पटावरून उचलून बाजूला ठेवला. "पाच," तो म्हणाला. "जोतिबा पार झाला."

मग तो सांगत गेला आणि राहीबाई सांगत गेली. जोतिबा ओल्या कपड्यांनी काठावर चढला. कोरडं ठिकाण बघून त्यानं बूट काढले आणि त्यातलं पाणी ओतलं. रेल्वेनं मिरजेला आला, तिथनं एसटीनं आष्ट्याला. गल्लीच्या तोंडाशी आला. "घरी कोण आहे?" इंद्रजितनं विचारलं. "आय हाय. बा हाय," राहीबाई म्हणाली. "आय म्हनती, किती वाळलास रं. आन त्यो भाकरी मागतो."

त्या संध्याकाळी राहीबाईनं भाकरी जास्त थापल्या. वांग्याचं भरीत केलं, शेंगदाण्याची चटणी वाटली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं, आणि हात थांबत नव्हते. दिवा लावायच्या वेळी तिनं तीन ताटं मांडली.

धोंडीबा हात धुऊन आला आणि तिसऱ्या ताटाकडं बघत उभा राहिला. त्यानं राहीबाईच्या तोंडाकडं बघितलं. तिच्या तोंडावरचं हसू त्याला दिसलं असावं. तो खाली बसला नाही. भिंतीला हात टेकून तसाच वळला, अंगणात गेला आणि आव्याच्या राखेशेजारी उकिडवा बसला. सात वर्षांत पहिल्यांदा राहीबाईनं त्याचा रडण्याचा आवाज ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पाटलांच्या सोप्यावर गेली. उभ्या उभ्या म्हणाली, "दादा, काल मी खोटं बोलले. एकच पडला हुता."

"मला कळलं होतं," इंद्रजित म्हणाला.

"कसं?"

"तुम्ही मोजलं नाही. दर वेळी मोजता. एक, दोन, तीन."

राहीबाई पायरीवर बसली. "मग बोलला का न्हाई?"

इंद्रजितनं आतल्या दाराचा कानोसा घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी कुठल्या तोंडानं बोलू? या दिवाळीपासून मला काही दिसत नाही, मावशी. समोर धरलेला हातसुद्धा नाही. नुसता उजेड आणि अंधार कळतो. आणि घरात सगळ्यांना सांगतोय, फरक वाटतोय." "मुंबईच्या डॉक्टरनं मला अमेरिकेतून आल्या-आल्याच सांगितलं होतं. याला औषध नाही. आबा बाहेर उभे होते. मी त्यांना सांगितलं, औषधानं बरं होईल म्हणतात."

आत लीलाबाई दळणाचं धान्य पाखडत होती, तेवढा आवाज येत होता.

"परवा सुपारी आहे," तो म्हणाला. "मी काय करू?"

"मी काय सांगनार, दादा? मी आडानी बाई." राहीबाईनं डोळे पुसले. "पर काल रातच्याला माझा नवरा उपाशी ऱ्हायला. सात वर्सं त्येनं लेकरू गेल्यालं मनात धरलं आन मी त्येला रडू दिलं न्हाई. एवढंच मला कळलं."

सुपारीच्या दिवशी पाटलांच्या दारात मांडव नव्हता, पण सतरंज्या अंथरल्या होत्या. तासगावचे पाहुणे जीपमधून आले. गुळपोहे झाले. भटजी पुढं सरसावणार एवढ्यात इंद्रजित उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, मला दिसत नाही. अजिबात नाही. पुढंही दिसणार नाही. तुमच्या मुलीला हे सांगितलेलं नाही आणि माझ्या आईवडिलांनाही मी खोटं सांगत आलो."

मुलीचा बाप वयस्कर माणूस होता. त्यानं टोपी नीट केली, उठून इंद्रजितच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरा, तुजं लय उपकार झालं." मग हंबीररावांकडं न बघता तो जीपकडं चालायला लागला.

ही हकिकत राहीबाईला दुसऱ्याकडून कळली. त्याच दिवशी संध्याकाळी हंबीरराव स्वतः कुंभारगल्लीत आले. गावचा एवढा मोठा माणूस त्या गल्लीत कधी आला नव्हता. धोंडीबा घाईनं उठला. हंबीरराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"तू माज्या पोराच्या डोक्यात ह्ये भरीवलंस," ते राहीबाईला म्हणाले. "ती तुजी माती, ती तुजी भुतं. समदी फोडली मी. दगडावर आपटून फोडली."

राहीबाई खाली मान घालून उभी राहिली.

"तुला कवापासनं ठावं हुतं?"

"रंग दिल्यालं आनलं हुतं तवापासनं, आबा."

"म्हंजी दीड वरीस." हंबीररावांचा आवाज खाली आला. "दीड वरीस तुला ठावं, आन मला बापाला न्हाई." त्यांनी आधारासाठी हात पुढं केला. जवळ धरायला काही नव्हतं. धोंडीबानं त्यांना दंडाला धरून आव्याच्या कडेला बसवलं. पाटील तिथं राखेत बसले आणि उपरण्यात तोंड लपवून त्यांनी हुंदका दिला. धोंडीबानं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं ठेवला आणि शेजारी बसून राहिला. जाताना हंबीरराव एवढंच म्हणाले, "माज्या घरला येऊ नगंस आता." राहीबाई त्यानंतर गेली नाही.

पौष सरल्यावर राहीबाई आणि धोंडीबा कृष्णेच्या काठी गेली. भावकीतली चार माणसं बरोबर होती. प्रेत नसलं की दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी देतात. भटजी वाळूत बसून दर्भाच्या जुड्या बांधत होता. हात, पाय, डोकं. राहीबाई एका बाजूला उभी राहून त्याच्या बोटांकडं बघत होती. तिच्या लेकराला दुसऱ्या कुणाचा तरी हात घडवत होता.

तिला राहवलं नाही. "खांदं जरा रुंद करा," ती म्हणाली. "त्येचं खांदं बापासारखं रुंद हुतं."

भावकीतला एकजण तिला गप्प करायला पुढं झाला. भटजीनं त्याला हातानं थांबवलं आणि खांद्याला आणखी एक जुडी बांधली. "एवढे?" त्यानं विचारलं.

"आनि जरासं," धोंडीबा म्हणाला.

भटजीनं तिसरी जुडी बांधली. मग धोंडीबानं खाली वाकून अग्नी दिला. दर्भ वाळलेला होता. बघता बघता जळून गेला. राहीबाई नदीकडं तोंड करून रडली आणि धोंडीबानं तिच्या डोक्यावर पदर सारखा केला.

माघात इंद्रजित एकदा तिच्याकडं आला. काठी घेऊन, एकटा. पाटलांच्या घरापासून कुंभारगल्लीपर्यंत लोक दारादारांत उभे राहून बघत होते. तो पावलं मोजत चालत होता. दारातल्या घागरींपाशी त्यानं काठी टेकवली, चाचपलं आणि वळसा घालून आत आला.

"पुण्याला चाललोय, मावशी. आंधळ्यांच्या संस्थेत. वाचायला शिकवतात तिथं, टिंबांवर बोट फिरवून." तो कसानुसा हसला. "तो बिनदाताचा परत करून द्याल? तेवढा एकच."

राहीबाईनं त्याच्यादेखत माती घेतली. तासभर बसली. अंग आलं, मुडपलेली शेपूट आली. तोंड उघडायला तिनं अंगठा घातला की ते मिटायचं. दोनदा, तीनदा तेच झालं. शेवटी तिनं मातीचा गोळा करून घमेल्यात टाकला.

"न्हाई हुईत, दादा. हाताला यायचंच बंद झालं."

"राहू दे," तो म्हणाला. पण त्याच्या तोंडावरची निराशा तिला दिसली. आपल्या तोंडावर काय उमटतं याचा त्याला आता अंदाज राहिला नव्हता. जाताना त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. पाय शोधायला त्याला जरा वेळ लागला.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी यायचं. रांगेत एका सकाळी राहीबाईच्या पुढं लीलाबाई उभी होती. पाटलांच्या घरची बाई स्वतः कळशी घेऊन आली म्हणून सगळ्या कुजबुजत होत्या. सुपारीच्या दिवसापासून त्या दोघी बोलल्या नव्हत्या.

लीलाबाईनं मागं वळून बघितलं. "इंद्रजितचं पत्र आलंया," ती म्हणाली.

"बरं हायत न्हवं, वैनी?"

"बरा हाय म्हनतोय. खुर्च्या इनाय शिकीवत्यात तितं, वेताच्या." लीलाबाईनं कळशी दुसऱ्या हातात घेतली. "अमेरिकेत शिकल्यालं माजं पोरगं गं. खुर्च्या इनतंय."

त्याचे हात किती हुशार आहेत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, पण ते आत्ता या आईला सांगून काय उपयोग? तिनं आपली घागर खाली ठेवली. लीलाबाईचा नंबर आला होता. तिच्या हातातली कळशी घेऊन राहीबाईनं नळाखाली लावली, आणि ती भरेपर्यंत दोघी बारीक धारेकडं बघत उभ्या राहिल्या.